ठाण्याच्या दमट उन्हाळ्यात कोणती बिअर घ्यावी?

कोलशेतकर

नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कॉलेजमधले माझे जुने मित्र घरी जमणार आहेत. माझ्यासह आम्ही आठ जण असू आणि बिअर आणण्याची जबाबदारी यंदाही माझ्याकडेच आहे. आमचे घर कोलशेत रस्त्यावर सातव्या मजल्यावर असून गॅलरी पश्चिमेला आहे, त्यामुळे सूर्य येऊरच्या डोंगरामागे जाईपर्यंत तिथली फरशी तापलेली असते आणि अंधार पडल्यावरही अंगाला चिकटणारा दमटपणा काही कमी होत नाही.

गेल्या वर्षी याच बैठकीसाठी मी ६५० मिलीच्या स्ट्राँग बिअरच्या बारा बाटल्या आणल्या होत्या. कमी पैशांत सर्वांना पुरेल, एवढाच विचार त्यामागे होता. पहिला ग्लास सगळ्यांना बरा वाटला. पण अर्ध्या तासात बाटलीत उरलेली बिअर कोमट झाली, तिची गोडसर आणि जड चव नकोशी वाटू लागली, आणि नऊच्या सुमारास, म्हणजे गप्पा खऱ्या अर्थाने रंगायच्या वेळी, दोघे सोफ्यावर झोपी गेले होते. जवळजवळ तीन बाटल्यांची बिअर मी स्वतः मोरीत ओतली आणि दुसऱ्या दिवशी चौघांचे डोके दुखत होते. वर्षातून एकदा भेटणाऱ्या मित्रांची संध्याकाळ अशी वाया गेली, याचे मला आजही वाईट वाटते.

उकाड्यात खरोखर ताजेतवाने वाटेल अशी बिअर कशी ओळखावी आणि ती घरी शेवटपर्यंत थंड कशी ठेवावी, हे मला जाणून घ्यायचे आहे. चकण्याला कोथिंबीर वडी आणि बोंबील फ्राय आहे, जेवणात कोळंबीचे कालवण आणि भात. आठांपैकी दोघे मद्य घेत नाहीत. बिअर नेहमीच्या वाइन शॉपमध्ये किंवा बिअर शॉपीत मिळणारी असावी.

नेरूळकर

कोलशेतकर, निम्मे उत्तर तुमच्या गेल्या वर्षीच्या अनुभवातच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. आपल्याकडे ५ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेली बिअर माइल्ड आणि त्यापुढे ८ टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग म्हणून विकली जाते. ८ टक्क्यांच्या ६५० मिली बाटलीत ५२ मिली शुद्ध मद्यार्क असतो, तर ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिली पेगमध्ये तो सुमारे १३ मिली असतो. म्हणजे एक स्ट्राँग बाटली चार पेगांच्या बरोबरीची झाली. तुमच्या तीन बाटल्या मोरीत गेल्या असे धरले तरी पिणाऱ्या सहा जणांच्या पोटात सरासरी सहा-सहा पेग गेले, आणि तेही तहानलेला माणूस पाणी पितो त्या वेगाने. मग कुणाला सोफ्यावर झोप लागली यात नवल नाही.

कोमट झाल्यावर चव बिघडली, त्याचे कारणही बरेचसे इथेच आहे. मद्यार्क स्वतः गोडसर लागतो आणि घशाला उष्ण वाटतो. बिअर अगदी थंड असते तोवर ही चव दबलेली राहते आणि तापमान वाढले की ती वर येते. त्यातच कोमट द्रवात कर्बवायू टिकत नाही, त्यामुळे जिभेला लागणारी चुरचुर गेली की उरलेला जडपणाच जाणवतो.

उन्हाळ्यासाठी मी ४ ते ५ टक्के मद्यार्काची, भरपूर वायू असलेली आणि घोट गिळल्यावर जिभेवर गोडवा मागे न ठेवणारी बिअर निवडतो. थोडा आंबटपणा असेल तर फारच उत्तम. हे सगळे गुण एकत्र मिळतात ते बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये, जिला विटबिअर म्हणतात. या बिअरची कथा मला फार आवडते. बेल्जियममधल्या हूगार्डन गावात ती शतकानुशतके बनत होती, पण १९५७ मध्ये तिथली शेवटची ब्रूअरी बंद पडली. काही वर्षांनी पिएर सेलिस या त्याच गावातल्या दूधविक्रेत्याने ती पुन्हा बनवायला घेतली आणि १९६६ पासून ती पुन्हा लोकांच्या ग्लासात आली. हिच्यात बार्लीच्या माल्टबरोबर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीबरोबर, मोड न आणलेला गहू असतो, त्यामुळे रंग ताकाच्या निवळीसारखा धुरकट दिसतो, आणि उकळताना धणे आणि संत्र्याची साल घालतात. तुमच्या बैठकीत कोथिंबीर वडी आहे. वडीबरोबर धण्याचा तो हलका वास किती जुळतो, हे एकदा प्रत्यक्ष अनुभवा. हूगार्डन, बिरा व्हाइट आणि सिम्बा विट या तिन्ही याच वळणाच्या आहेत. दुकानात यांपैकी जी अधिक ताजी असेल ती घ्यावी.

गव्हाचीच दुसरी बिअर बव्हेरियातली, हेफेवाइझन. तिच्यात निम्मा किंवा त्याहून अधिक गव्हाचा माल्ट असतो आणि पिकलेल्या केळ्याचा व लवंगेचा स्पष्ट वास येतो. केळे किंवा लवंग मात्र तिच्यात कुणी घालत नाही; तो वास निव्वळ यीस्टमुळे तयार होतो. ही बिअर अंगाने थोडी भरीव आहे, म्हणून एका ग्लासापुरती अप्रतिम, पण रात्रभर पिण्याची नव्हे.

आंबट बिअर मिळाली तर तीही घ्यावी. जर्मनीतल्या गोझे या प्रकारात धण्याबरोबर मीठही असते, आणि चिमूटभर मीठ घातलेल्या कोकम सरबतावर वाढलेल्या आपल्या जिभेला ती मुळीच परकी वाटत नाही. बाटलीत ती आपल्याकडे सहसा दिसत नाही. स्वतःची बिअर बनवणाऱ्या एखाद्या टॅपरूममध्ये गेलात तर अवश्य विचारा.

प्रयोगशाळेतली

नेरूळकरांनी “अधिक ताजी असेल ती” असे एका वाक्यात सांगितले आहे. मला त्यावर थोडे विस्ताराने लिहायचे आहे. मी तळोज्याला एका अन्नप्रक्रिया कारखान्याच्या गुणवत्ता विभागात काम करते आणि माझ्या मते आपल्या हवामानात बिअरची चव तिच्या नावापेक्षा तिच्या साठवणुकीवर अधिक अवलंबून असते.

बिअरला कडवटपणा देणारी हॉप्समधली, म्हणजे एका वेलीच्या फुलांमधली, द्रव्ये प्रकाशात फुटतात आणि त्यांतून गंधकयुक्त, उग्र वासाचे एक संयुग तयार होते. अगदी नगण्य प्रमाणातही ते नाकाला कळते आणि कडक उन्हात त्यासाठी काही मिनिटे पुरतात. तपकिरी काच हा प्रकाश बराचसा अडवते, हिरवी आणि पारदर्शक काच फारच कमी अडवते, आणि कॅनमध्ये तर प्रकाश शिरतच नाही. म्हणूनच उन्हाळ्यात मी शक्यतो कॅन किंवा तपकिरी बाटली घेते. उष्णतेचे नुकसान वेगळे. उबदार जागी ठेवलेल्या बिअरमध्ये प्राणवायूमुळे होणारे बदल भराभर होतात आणि तिला भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास येऊ लागतो. अशी बिअर नंतर कितीही थंड केली तरी ती चव परत येत नाही.

हे मी स्वतः भोगले आहे. गेल्या एप्रिलमध्ये दुपारी दोनच्या सुमारास घोडबंदर रस्त्यावरच्या एका दुकानासमोर बिअरचे क्रेट पदपथावर रचून ठेवलेले मी पाहिले. वर निळी ताडपत्री होती, पण ती खालच्या दोन ओळींपर्यंत पोहोचत नव्हती, आणि तिथल्या हिरव्या बाटल्यांच्या मानेला हात लावला तर तो चटकन मागे घ्यावा लागला. दुकानातल्या फ्रीजमधून मी त्याच बिअरच्या दोन बाटल्या घेतल्या. त्या छान गार होत्या, पण घरी उघडताच तो उग्र वास आला आणि त्या आधी कुठे उभ्या असतील हे लक्षात आले.

म्हणून बाटली हातात घेतल्यावर आधी उत्पादनाची तारीख वाचावी. लेबलावर साधारण सहा महिन्यांची मुदत असली तरी उन्हाळ्यात मी दोन महिन्यांच्या आतली बिअर शोधते. दुकानाच्या काचेच्या फ्रीजमध्ये ट्यूबलाइटच्या अगदी जवळ असलेली पुढची बाटली न घेता मागची मागावी. गव्हाच्या बिअरमध्ये तळाशी गाळ असणे स्वाभाविक आहे. स्वच्छ पिवळ्या लागरमध्ये, म्हणजे कमी तापमानात आंबवलेल्या नेहमीच्या बिअरमध्ये, मात्र कण तरंगताना दिसले तर ती परत करावी.

ऐरोलीकर

नेरूळकरांच्या निवडीबद्दल आदर ठेवून मी थोडे वेगळे मत मांडतो. विटबिअरचा पहिला ग्लास सुंदर लागतो, परंतु दुसऱ्या ग्लासानंतर धणे आणि संत्र्याचा तोच वास जिभेवर साचत जातो. चार तासांच्या बैठकीला साधी, माइल्ड, स्वच्छ लागरच शेवटपर्यंत साथ देते. बोहेमियातल्या पिल्सेन शहरात योसेफ ग्रोल यांनी १८४२ मध्ये पहिली सोनेरी पिल्सनर बनवली. तिथले पाणी अतिशय मृदू असल्याने हॉप्सचा कडवटपणा तिच्यात बोचरा न लागता नितळ उतरला. आज जगभर प्यायली जाणारी बहुतेक सोनेरी लागर तिचीच वंशज आहे. दुकानात सर्वत्र मिळणारी किंगफिशर प्रीमियम किंवा कार्ल्सबर्ग, ताजी आणि पुरेशी थंड असेल तर, उकाड्यात मला दुसरे काही नको असते.

जेवणाचाही विचार करावा. कडवटपणा आणि तिखट एकमेकांना वाढवतात, म्हणून कोळंबीच्या झणझणीत कालवणाबरोबर हॉप्सने भरलेली इंडिया पेल एल घेऊ नये. तिच्या नावात इंडिया आहे ते ती इंग्लंडहून जहाजाने इकडे पाठवली जात असे म्हणून. आपल्या मसाल्याशी तिचा काही संबंध नाही. बोंबलाचा कुरकुरीत रवा आणि आतला मऊसूत मासा यांच्यावर मात्र थंड लागरचा एक घोट घेतला की तेलकटपणा पुसला जातो आणि पुढचा तुकडा पुन्हा पहिल्यासारखा लागतो.

ज्यांना त्याहूनही हलके हवे असेल त्यांच्यासाठी अर्धी माइल्ड लागर आणि अर्धे लिंबाचे सोडा सरबत एकत्र करावे. जर्मनीत याला राडलर, म्हणजे सायकलस्वार, म्हणतात. मद्यार्क निम्म्यावर येतो आणि तहान चांगली भागते.

नेरूळकर

ऐरोलीकर, दुसऱ्या ग्लासाबद्दलचे तुमचे म्हणणे मला पटते. मग पहिला ग्लास वडीबरोबर विटबिअरचा आणि बोंबील ताटात आल्यापासून पुढे लागर, असा क्रम ठेवला तर दोन्हींना न्याय मिळेल. राडलरच्या सरबतात साखर मात्र बेताची असावी, नाहीतर तोच नकोसा गोडवा परत येईल.

वाशीकर

आमच्या कुटुंबाने वाशीत अनेक वर्षे परमिट रूम चालवली आणि माझे कॉलेजचे दिवस गल्ल्यामागे बाटल्या थंड करण्यात गेले, म्हणून थंड ठेवण्याच्या प्रश्नावर मी लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे ६५० मिलीची मोठी बाटली घेऊ नका. मे महिन्यात ती संपेपर्यंत तिचा शेवटचा तिसरा हिस्सा कोमट होणारच. ३३० मिलीचे पाइंट घ्या आणि ग्लास लहान ठेवा. जर्मनीतल्या कोलोन शहरात क्योल्श नावाची हलकी बिअर २०० मिलीच्या अरुंद ग्लासातून देतात, म्हणजे साधारण आपल्या फुलपात्राएवढ्या मापातून. ग्लास गरम व्हायच्या आत रिकामा होतो आणि वाढपी नवा आणून ठेवतो.

दुसरी गोष्ट म्हणजे फ्रीजरवर विसंबू नका. मी एकदा घरी पाहुणे यायच्या घाईत चार बाटल्या फ्रीजरमध्ये आडव्या ठेवल्या आणि काही तासांनी आठवण झाली. दोन बाटल्या फुटल्या होत्या, बिअरचा बर्फ मटारच्या पिशव्यांना चिकटला होता आणि त्यात काचेचे तुकडे होते. आईने फ्रीजरमधले सगळे अन्न टाकून दिले. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि बंद बाटलीत त्याला जागाच नसते.

यापेक्षा मोठे घमेले किंवा प्लास्टिकचा टब घ्यावा, त्यात निम्मा बर्फ आणि निम्मे पाणी घालून दोन मुठी खडेमीठ ढवळावे. लहानपणी लाकडी पॉटमध्ये आइस्क्रीम फिरवताना बर्फात जे मीठ घालत, त्याचेच हे काम: मिठामुळे बर्फाचे पाणी शून्याच्याही खाली जाते. नुसत्या बर्फाच्या खड्यांमध्ये मोकळी हवा राहते. पाणी मात्र बाटलीला सर्व बाजूंनी भिडते आणि तिची उष्णता फार लवकर काढून घेते. पंधरा-वीस मिनिटांत पाइंट पिण्याजोगा थंड होतो. लागर ४ ते ६ अंश सेल्सिअसला आणि गव्हाची बिअर ६ ते ८ अंशांना चांगली लागते. त्याखाली जीभ बधिर होते आणि चांगल्या बिअरचे पैसे फुकट जातात.

ग्लास फ्रीजरमध्ये ठेवून पांढरे करू नयेत, कारण ते हिमकण वितळून बिअरमध्ये पाणी होते आणि फेस बेसुमार येतो. ग्लास साबणाने धुतल्यावर भरपूर साध्या पाण्याने विसळावेत आणि कापडाने न पुसता उपडे ठेवावेत. बिअर ओतल्यावर ग्लासाच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहिले तर तो ग्लास नीट स्वच्छ झालेला नाही असे समजावे. ग्लास तिरपा धरून ओतायला सुरुवात करावी, मग उभा करून वर दोन बोटे फेस येऊ द्यावा. बिअरचा वास त्या फेसातूनच नाकापर्यंत पोहोचतो. विटबिअरच्या बाटलीत शेवटचे दोन घोट राहिले की बाटली हलकेच गोल फिरवून तळाचे यीस्ट उठवावे आणि तेही ग्लासात घ्यावे.

पाचपाखाडीचे डॉक्टर

बिअरने गारवा वाटतो हे खरे, परंतु शरीरातील पाण्याची कमतरता तिने भरून निघत नाही. मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला सांगणाऱ्या संप्रेरकाला मद्यार्क अडवतो, आणि मद्यार्काचे प्रमाण जितके अधिक तितके पाणी अधिक बाहेर जाते. आपल्या दमट हवेत घाम येतो पण सुकत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही आणि घाम गळतच राहतो. तुमच्या मित्रांची दुसऱ्या दिवशीची डोकेदुखी बऱ्याच अंशी यातून आलेली असावी. पाहुणे आल्याबरोबर आधी प्रत्येकाला पाणी द्या, पहिली बाटली सूर्यास्तानंतरच उघडा आणि प्रत्येक पाइंटमागे एक मोठा ग्लास पाणी ठेवा. चाळिशीच्या पुढच्या मंडळींमध्ये रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधे घेणारे असतील, त्यांनी आपल्या डॉक्टरांना आधी विचारलेले बरे.

जे मद्य घेत नाहीत त्यांच्यासाठी बिनमद्याची बिअर मिळते, पण कोकम सरबत आणि जेवणाबरोबर ताजी सोलकढी ठेवलीत तर इतरही तिकडे वळतील, आणि ते त्यांच्या हिताचेच आहे. वाहन चालवणाऱ्यांसाठी कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्काची आहे. ऐरोलीच्या पुलावरून घरी जाणाऱ्यांनी गाडी घरीच ठेवून यावे.

कोलशेतकर

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी पत्नी आणि मी गॅलरीत बसून प्रत्यक्ष पडताळणी केली. दुकानात तारीख वाचू लागलो तेव्हा पहिल्या दोन पाइंटांवर पाच महिन्यांपूर्वीची तारीख निघाली. मागच्या रांगेतले मागितले तेव्हा सहा आठवड्यांपूर्वीचे मिळाले. बादलीत बर्फ, पाणी आणि खडेमीठ घालून वीस मिनिटे थांबलो. विटबिअर ओतल्यावर धण्याचा वास इतका स्पष्ट आला की पत्नीने मागे वळून स्वयंपाकघराकडे पाहिले. दुसऱ्या पाइंटला मात्र आम्ही दोघांनीही लागरच पसंत केली, म्हणजे नेरूळकर आणि ऐरोलीकर या दोघांचेही म्हणणे आमच्या घरी खरे ठरले.

आता सहा जणांसाठी अठरा पाइंट घेत आहे, सहा विटबिअरचे आणि बारा माइल्ड लागरचे. हिशेब केला तेव्हा तीन पाइंटांत मिळून ५० मिलीपेक्षाही कमी मद्यार्क भरला, म्हणजे गेल्या वर्षीच्या एका स्ट्राँग बाटलीहून कमी. वाशीकर, एवढ्यासाठी बर्फ किती लागेल? आमच्या जवळच्या मासळी बाजारात लादी मिळते, ती चालेल का?

वाशीकर

अठरा पाइंटांना दहा किलो बर्फ पुरेल. निम्मा आधी टाका आणि उरलेला जाड गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा, म्हणजे साडेआठ-नऊला टबात भर घालता येईल. बाजारातली लादी बाटल्या थंड करण्यासाठी बिनधास्त वापरा, मात्र तिचा एकही खडा कोकम सरबतात किंवा ग्लासात जाऊ देऊ नका. निळसर रंग घातलेला बर्फ तर खाण्यासाठी नसतोच. त्या टबातून काढलेली बाटली उघडण्यापूर्वी तोंडाशी स्वच्छ पाण्याने धुवा आणि पुसून घ्या, आणि सरबतासाठी घरच्या फ्रीजमधला बर्फ आदल्या रात्रीच करून ठेवा.